मणक्याचं ऑपरेशन: पेशंट आणि घरचे नेहमी विचारतात ते प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मणक्याच्या ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही पेशंट माझ्याकडे येतात. सर्जनच्या केबिनमध्ये जे विचारायचं राहून जातं ते सगळं मग व्यायाम करता करता माझ्यापाशी निघतं, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतलेत. निर्णय तुमच्या डॉक्टरांसोबतच घ्या, पण जाण्याआधी हे वाचून जा.

कंबर खूप दुखते, ऑपरेशन केलं की कायमची थांबेल ना?

सगळ्यात आधी हे सांगा की जास्त काय दुखतं, कंबर की पाय? हा प्रश्न साधा वाटतो पण निम्मा निर्णय इथेच होतो. मणक्याची बहुतेक ऑपरेशनं ही दबलेली नस मोकळी करण्यासाठी असतात, आणि नस दबली की दुखणं कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत, पावलापर्यंत उतरतं, मुंग्या येतात, एखादा भाग बधीर होतो. असं पायाचं दुखणं ऑपरेशननंतर छान कमी होतं, बऱ्याच जणांना भूल उतरल्यावर लगेच फरक कळतो. पण नुसती कंबर दुखतेय, पायात काही नाही, तर ऑपरेशनचा भरवसा खूपच कमी आहे. अशा जुनाट कंबरदुखीसाठी मणके जोडण्याचं ऑपरेशन आणि नीट आखलेला व्यायामाचा प्रोग्रॅम यांची तुलना नॉर्वेत आणि ब्रिटनमध्ये झाली, २००३ ते २००६ च्या दरम्यान निकाल छापून आले, आणि दोन्हीकडे ऑपरेशनवाले व्यायामवाल्यांच्या फार पुढे गेले असं काही दिसलं नाही. त्यामुळे फक्त कंबरदुखीसाठी कोणी पहिल्याच भेटीत ऑपरेशनची तारीख देत असेल तर थांबा.

एमआरआयमध्ये ‘मणक्यात गॅप’ आणि ‘गादी सरकली’ असं आलंय. आता ऑपरेशन करावंच लागणार?

नाही. आणि हे मी रोज सांगते. गादी म्हणजे दोन मणक्यांच्या मधली मऊ डिस्क. एमआरआय हा फोटो आहे, त्यात दुखणं दिसत नाही. अजिबात पाठ दुखत नसलेल्या लोकांचे एमआरआय आणि सीटी स्कॅन एकत्र करून २०१५ साली एक आढावा छापला गेला, त्यात विशीतल्या साधारण ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या आणि ऐंशीच्या वयाला हाच आकडा ९६ टक्के. म्हणजे केस पांढरे होतात तशा गाद्याही वयानुसार सुकतात. रिपोर्टमध्ये चार लेव्हलला (म्हणजे मणक्यांच्या चार जोड्यांमध्ये) बल्ज, म्हणजे गादी फुगून बाहेर आलेली, असं लिहिलेलं असतं आणि माणूस वाचून घाबरतो, पण त्यातला एखादा बल्ज उजवीकडे असेल आणि तुमचा डावा पाय दुखत असेल तर त्या बल्जचा तुमच्या दुखण्याशी संबंध लावणं अवघड आहे. लेव्हल आणि बाजू जुळली पाहिजे. कंबरेचे मणके वरून खाली एल१ ते एल५, आणि त्यांच्या खालचा एस१. एल४-एल५ ला एल५ ची नस दबली तर पावलाच्या वरच्या बाजूला आणि अंगठ्याकडे मुंग्या येतात आणि अंगठा वर उचलायला जड जातं, एल५-एस१ ला एस१ दबली तर करंगळीची बाजू आणि टाच, आणि टाचा उचलून चवड्यावर उभं राहता येत नाही. डॉक्टरांनी तुम्हाला टेबलवर झोपवून सरळ पाय वर उचलून बघितला, अंगठ्याची ताकद बघितली, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, तर ते हेच जुळवत असतात. अंगाला हात न लावता नुसती फिल्म लाईटसमोर धरून ऑपरेशन सांगितलं तर मला ते पटत नाही.

सायटिका आहे, किती दिवस वाट बघायची?

सायटिका म्हणजे वर सांगितलेलं, दबलेल्या नसेमुळे पायात उतरणारं दुखणं. पायाची ताकद कमी होत नसेल आणि लघवी-संडासचा काही त्रास नसेल तर साधारण ६ ते १२ आठवडे. बहुतेकांचं एवढ्या काळात औषधं, थोडी विश्रांती (दोन-तीन दिवस बरं का, महिनाभर झोपून राहायचं नाही), चालणं आणि व्यायाम यांवर बरंच निवळतं. बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, आणि गंमत म्हणजे फिल्मवर जो तुकडा सगळ्यात मोठा आणि भीतीदायक दिसतो, पूर्ण सुटून बाहेर पडलेला, तोच विरघळायची शक्यता जास्त असते.

नेदरलँड्समध्ये २००७ साली छापलेल्या एका चाचणीत सहा ते बारा आठवडे जोरदार सायटिका असलेल्या २८३ लोकांचे दोन गट केले, एकांचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्यांना थांबवून गरज पडली तरच ऑपरेशन. लवकर ऑपरेशनवाल्यांचं दुखणं लवकर गेलं, यात वाद नाही. पण वर्षानंतर दोन्ही गट सारखेच बरे होते. आणि थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांनी वर्षभरात ऑपरेशन करून घेतलं, म्हणजे बाकीच्यांना लागलंच नाही. याचा अर्थ असा की घरात कमावणारे तुम्ही एकटेच आहात, उभं राहून काम आहे, रात्र रात्र झोप नाही, तर लवकर करून घेणं हा चुकीचा निर्णय नाही, आणि सहन होतंय तर थांबणं हाही चुकीचा नाही. हा तुमचा निर्णय आहे, कोणी ‘आत्ता नाही केलं तर पाय जाईल’ म्हणून दबाव आणत असेल तर पायाची ताकद खरंच कमी झालीये का ते आधी विचारा.

मग ताबडतोब ऑपरेशन कधी लागतं?

लघवी तुंबली, किंवा लागलीये हे कळेनासं झालं, संडासवरचा ताबा गेला, सायकलच्या सीटला जो भाग टेकतो तिथे बधीर वाटतंय, धुताना स्पर्श कळत नाहीये, दोन्ही पायांत एकदम अशक्तपणा आलाय. यातलं काहीही असलं तर सकाळची वाट बघू नका, मालिशवाल्याकडे नेऊ नका, रात्रीच मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा आणि ‘लघवीचा त्रास पाठीच्या दुखण्याबरोबर सुरू झालाय’ हे वाक्य स्पष्ट सांगा. कंबरेच्या मणक्यातला नसांचा जुडगा एकत्र दाबला गेला की असं होतं आणि इथे तासांचा हिशोब आहे, शक्य तितक्या लवकर आणि साधारण ४८ तासांच्या आत नसा मोकळ्या झाल्या तर लघवीवरचा ताबा परत मिळायची शक्यता चांगली राहते. बायका हे सांगायला लाजतात, दोन-दोन दिवस अंगावर काढतात, आणि ते बघून फार वाईट वाटतं. प्लीज लाजू नका.

पाऊल वर उचलता न येणं, चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही, हे सुद्धा लवकर दाखवायचं लक्षण आहे. तसंच पडल्यावर किंवा अपघातानंतरचं दुखणं, कॅन्सर झालेल्या माणसाला नव्याने सुरू झालेली पाठदुखी, आणि ताप व वजन घटण्याबरोबरची पाठदुखी.

मणक्याचं ऑपरेशन केलं की माणूस लुळा पडतो असं म्हणतात…

प्रत्येक गावात अशी एक गोष्ट असते. भीती समजते मला, पण शरीररचना बघा. मेंदूतून निघालेला मज्जारज्जू पाठीच्या कण्यातून खाली येतो आणि एल१-एल२ च्या आसपासच संपतो, त्याच्या खाली फक्त सुट्या नसा असतात. सगळ्यात जास्त ऑपरेशनं होतात ती एल४-एल५ आणि एल५-एस१ ला, म्हणजे मज्जारज्जूच्या बरीच खाली. तिथे एखाद्या नसेला इजा होऊ शकते, पाऊल कमजोर राहू शकतं, तो धोका खरा आहे पण फार कमी जणांना होतो. दोन्ही पाय पूर्ण जाणं ही तिथली नेहमीची भीती नाही. मान आणि छातीच्या मणक्याची गोष्ट वेगळी, तिथे मज्जारज्जूच समोर असतो, म्हणून अशा आणि वाकडेपणाच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये नसांचे सिग्नल सतत मॉनिटर करणारी मशीन लावतात. तुमच्या ऑपरेशनला ती लावणार आहेत का हे विचारायला काहीच हरकत नाही. आणि लुळं पडल्याच्या त्या गोष्टींमध्ये बऱ्याचदा माणूस ऑपरेशनच्या आधीच महिनोन्‌महिने दबलेल्या नसा घेऊन आलेला असतो हेही खरं आहे.

गादीच्या ऑपरेशनमध्ये पूर्ण गादी काढून टाकतात का? आणि दुर्बिणीने, लेझरने करतात ते काय?

पूर्ण गादी काढत नाहीत. नसेवर बसलेला तुकडा आणि आतला सुटा झालेला भाग तेवढा काढतात, बाकीची गादी तिथेच राहते. याला डिस्केक्टॉमी म्हणतात. मायक्रोस्कोप वापरून केली की मायक्रोडिस्केक्टॉमी, त्यात कातडीवरचा काप साधारण दोन-तीन सेंटिमीटर. नळी घालून करतात ती ट्यूब्युलर. एंडोस्कोपीत काप जेमतेम ८ मिलिमीटरचा आणि काही केसेसमध्ये पूर्ण भूल न देता जागेपणी करतात, पेशंट बोलत असतो, नसेला धक्का लागला तर लगेच सांगतो. वयस्कर किंवा हार्टचा त्रास असलेल्यांसाठी हे चांगलं.

पण सहा महिने-वर्षानंतर पायाचं दुखणं किती गेलं असं बघितलं तर या सगळ्यांत फार मोठा फरक राहत नाही. फरक पडतो तो सुरुवातीच्या दिवसांत, आणि सर्जनचा हात कशावर बसलाय यावर. त्यामुळे टाका किती छोटा यापेक्षा ‘तुम्ही यातली कुठली पद्धत सगळ्यात जास्त करता’ हे विचारा. लेझरच्या जाहिरातींना मात्र भुलू नका, लेझर हे एक हत्यार आहे, त्याने हाडाचा दाब निघत नाही आणि जुन्या चांगल्या पद्धतीपेक्षा ते सरस असल्याचा ठोस पुरावा नाही.

आई ७० वर्षांची आहे, पाच मिनिटं चालली की पाय भरून येतात, बसली की बरं वाटतं. हे काय?

हे ऐकूनच बऱ्याचदा निदान होतं. वयानुसार हाडं आणि लिगामेंट (हाडांना बांधणारे पट्टे) जाड होऊन नसांची वाट अरुंद होते, याला स्टेनोसिस म्हणतात. उभं राहिलं आणि चाललं की वाट आणखी आवळते, पुढे वाकलं की उघडते. म्हणून ही माणसं देवळाच्या रांगेत उभी राहू शकत नाहीत पण सायकल आरामात चालवतात, आणि बाजारात ट्रॉली ढकलत वाकून चालली तर लांबपर्यंत जातात. पायाची रक्तवाहिनी अरुंद असली तरी चालताना पाय दुखतात, म्हणून डॉक्टर पावलावरची नाडी बघतात, ती बघितली का ते लक्ष द्या.

इथलं ऑपरेशन म्हणजे लॅमिनेक्टॉमी किंवा डीकॉम्प्रेशन, मागच्या बाजूचं वाढलेलं हाड आणि लिगामेंट काढून नसांना जागा करून देतात. व्यायामाने भागत नसेल, चालणं घराच्या फाटकापर्यंत आलं असेल, तर वयाकडे बघून घाबरू नका, तब्येत बरी असेल तर सत्तरीतही हे ऑपरेशन चांगलं होतं.

त्यात स्क्रू-रॉड टाकायलाच पाहिजेत असं सांगितलंय. खरंच लागतात का?

इथे जरा थांबून विचार करा, कारण खर्च, ऑपरेशनचा वेळ, रक्त जाणं सगळंच इथे वाढतं.

फ्यूजन म्हणजे दोन किंवा जास्त मणके कायमचे जोडणं. टायटॅनियमचे स्क्रू मणक्यात जातात, रॉडने बांधतात, गादीच्या जागी केज (मधली जागा धरून ठेवणारा छोटा ठोकळा) बसवतात आणि आजूबाजूला हाडाचे तुकडे भरतात. स्क्रू फक्त तात्पुरता आधार देतात, खरं काम हाड हाडाला जुळण्याचं, आणि त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. पाठीमागून, पोटाकडून, कुशीतून अशा वेगवेगळ्या वाटांनी करतात, टीएलआयएफ, पीएलआयएफ, एएलआयएफ ही नावं यातल्याच काही वाटांची.

मणका खरोखर हलत असेल, एकावरून एक बराच सरकला असेल, फ्रॅक्चर, गाठ, इन्फेक्शन, मोठा वाकडेपणा असेल, किंवा नस मोकळी करताना एवढं हाड काढावं लागणार असेल की मणका सुटा पडेल, तर फ्यूजन लागतं आणि तिथे ते न करणं चूक ठरतं. पण साध्या स्टेनोसिसमध्ये? स्वीडनमध्ये २०१६ साली छापलेल्या चाचणीत ५० ते ८० वयाचे २४७ पेशंट घेतले होते, अर्ध्यांचं नुसतं डीकॉम्प्रेशन, अर्ध्यांना त्यासोबत फ्यूजन. दोन वर्षांनी आणि पुढे पाच वर्षांनीही फ्यूजनवाल्यांना जास्त फायदा दिसला नाही, आणि यात मणका थोडा सरकलेले पेशंटसुद्धा होते. पुढे नॉर्वेतही सरकलेल्या मणक्यांवर असाच निकाल आला. म्हणून विचारा: ‘माझा मणका हलतो हे कशावरून?’ याचं उत्तर पुढे वाकून आणि मागे वाकून काढलेल्या एक्स-रेत दिसतं. तो एक्स-रे काढलाच नसेल तर आधी काढा म्हणा. जोडलेल्या भागाच्या वरच्या-खालच्या मणक्यावर पुढच्या वर्षांत ताण वाढतो आणि काहींना तिथे पुन्हा त्रास होतो, हेही आधीच माहीत असू दे.

कृत्रिम गादी बसवता येते ना?

येते. मानेत जास्त वापरतात, कंबरेत निवडक पेशंटमध्ये. हालचाल शाबूत राहते हा फायदा, पण मागचे सांधे झिजलेले असतील, हाडं ठिसूळ असतील किंवा मणका सरकलेला असेल तर चालत नाही. बहुतेक चाळिशीच्या आतबाहेरच्या लोकांसाठीचा पर्याय आहे हा, आणि महाग आहे.

मानेचं ऑपरेशन पुढून, गळ्याकडून करतात हे ऐकून धसकाच बसला.

पुढची वाट खरं तर सोपी असते, स्नायू कापायला लागत नाहीत, अन्ननलिका आणि श्वासनलिका बाजूला सारून थेट गादीपर्यंत जातात, गादी काढून केज बसवतात. नंतर काही दिवस गिळताना दुखतं, आवाज बसतो, बहुतेकांचं सुधारतं.

मानेत मला जास्त काळजी वाटते ती न दुखणाऱ्या पेशंटची. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतोय, सुई-दोरा जमत नाही, सही बदललीये, चालताना तोल जातो, आणि मान फारशी दुखतही नाही. ही मज्जारज्जू दबल्याची लक्षणं आहेत. यात वाट बघून फायदा नसतो, ऑपरेशनचा मुख्य हेतू आणखी बिघडू न देण्याचा असतो, जी काही सुधारणा होईल ती वरची कमाई.

मणक्याचा टीबी निघालाय. ऑपरेशन?

बहुतेक वेळा गोळ्यांनीच बरा होतो. आपल्याकडे हा आजार अजून भरपूर आहे. संध्याकाळचा ताप, भूक मंदावणं, वजन घटणं, रात्री पाठ दुखून जाग येणं असं असेल तर नुसत्या पेनकिलरवर राहू नका. सुईने नमुना घेऊन तपासतात, औषध साधारण १२ महिने आणि गरज पडली तर १८ महिनेही चालतं. ऑपरेशन लागतं ते पायाची ताकद जात असेल, मणका कोसळून कुबड येत असेल, किंवा औषधं चालू असूनही बिघडत असेल तर. औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात आणि टीबीच्या पेशंटसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, नोंदणी झाली का ते विचारा. आणि दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडू नका, कृपा करून.

आजी बाथरूममध्ये पडली, मणका दबलाय. सिमेंट भरतात ते करावं का?

ठिसूळ हाडांचा दबलेला मणका बहुतेकदा काही आठवड्यांत पट्टा आणि औषधांवर सुसह्य होतो. २००९ साली दोन चाचण्यांत खरं सिमेंट आणि नुसतं नाटक केलेली प्रक्रिया यांत फरकच दिसला नव्हता, त्यामुळे सगळ्यांना सरसकट भरू नये. अंथरुणावरून उठताच येत नाही, फ्रॅक्चर ताजं आहे, अशा मोजक्यांना विचार करता येतो. काहीही केलं तरी हाडांच्या ठिसूळपणाचं औषध मात्र चालू करा, नाहीतर पुढचा मणका दबतो.

ऑपरेशनऐवजी पाठीत इंजेक्शन घेतलं तर?

नसेजवळ स्टिरॉइडचं इंजेक्शन एक्स-रे मशीनखाली देतात. काही आठवडे ते काही महिने आराम मिळू शकतो, तेवढ्या वेळात तुकडा विरघळला तर ऑपरेशन टळतं. शुगर असणाऱ्यांची साखर काही दिवस वाढते, मोजत राहा. आणखी एक उपयोग: एका विशिष्ट नसेला इंजेक्शन देऊन दुखणं थांबलं तर दुखणारी नस तीच हे कळतं.

तंबाखूचा आणि याचा काय संबंध?

खूप आहे. निकोटिनमुळे हाड जुळत नाही, फ्यूजन फसतं. सिगारेट-बिडी तर आहेच पण तंबाखू, गुटखा आणि मिश्रीसुद्धा. डॉक्टर ‘स्मोकिंग करता का’ विचारतात, मावशी ‘नाही’ म्हणतात आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री चालूच असते. हे सांगा. ऑपरेशनच्या आधी किमान काही आठवडे आणि हाड जुळेपर्यंत बंद. शुगर आटोक्यात आणणं तेवढंच महत्त्वाचं, नाहीतर जखमेत इन्फेक्शन होतं.

घरी आल्यावर काय काय बंद?

साध्या डिस्केक्टॉमीनंतर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात. पलंगावरून उठताना सरळ झटक्याने उठायचं नाही: आधी गुडघे दुमडा, खांदा आणि कंबर एकत्र वळवून कुशीवर या, पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी हाताने रेटा देत उठा. पहिले सहा आठवडे वाकून उचलणं नाही, पाण्याची बादली नाही, नातवंडाला कडेवर नाही, खाली मांडी घालून बसणं नाही, भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा. टू-व्हीलर आणि खड्डे यांचं काय ते सर्जनला विचारूनच. चालणं मात्र रोज, थोडं थोडं वाढवत. बसून करायचं काम असेल तर बरेच जण दोन ते सहा आठवड्यांत परततात, अंगमेहनतीचं असेल तर तीन महिन्यांच्या आसपास, फ्यूजन असेल तर त्याहून जास्त. पट्टा डॉक्टरांनी सांगितला तेवढेच दिवस, वर्षानुवर्षं बांधला तर स्नायू आळशी होतात.

दुखणं आधी जातं, ताकद नंतर येते, बधीरपणा सगळ्यात शेवटी आणि कधी कधी थोडा राहतोच. पाऊल लोंबत असेल तर स्प्लिंट आणि व्यायाम लागतो, मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची मोठी संस्था आहे, तिथे अशा कामासाठी राज्यभरातून लोक येतात. जखमेतून पाणी, ताप, उभं राहिलं की जोरात डोकं दुखणं (नसांवरचं आवरण फाटून पाणी झिरपत असेल तर असं होतं), पोटरी सुजणं, यातलं काही झालं तर फोन करा. आणि हो, त्याच जागी तुकडा पुन्हा येऊ शकतो, साधारण १०० पैकी ५ ते १५ जणांना.

पैशांचं कसं?

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा आणि तुमच्या ऑपरेशनचं नेमकं पॅकेज यादीत आहे का, त्या हॉस्पिटलला लागू आहे का ते बघायला सांगा. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जा, ॲडमिट व्हायच्या आधी जा. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. खासगी पॉलिसी असेल तर डिस्कच्या आजाराला वेटिंग पिरियड आहे का ते वाचा, अनेक पॉलिसींत सुरुवातीची दोन वर्षं असतो. एस्टिमेट घेताना इम्प्लांटची किंमत आणि कंपनी वेगळी लिहून मागा, आणि वापरलेल्या प्रत्येक स्क्रूचा स्टिकर फाईलमध्ये लावलाय का ते डिस्चार्जच्या आधी मोजून बघा.

दुसरं मत घेतलं तर डॉक्टर रागावतील का?

चांगला सर्जन रागावत नाही. ऑर्थोपेडिक स्पाइन सर्जन आणि न्यूरोसर्जन दोघंही ही ऑपरेशनं करतात, एक मत यांचं आणि एक त्यांचं घेतलंत तरी चालेल. एमआरआयची सीडी आणि फिल्म स्वतःकडे ठेवा, नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही. दोघांनाही हेच विचारा: कुठली नस, कुठली लेव्हल, नाही केलं तर पुढच्या तीन महिन्यांत काय होईल, आणि ऑपरेशननंतर यातलं कुठलं दुखणं जाईल आणि कुठलं राहील. उत्तरं एका कागदावर लिहून घ्या, सोबत घरचं कोणीतरी न्या.